यंत्रानं माणसाकडून किती मागावं?

एड डमियानो हा बॉस्टन विद्यापीठातला जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा प्राध्यापक. शरीरातले द्रव कसे वाहतात हा त्याचा मूळ अभ्यासविषय. मधुमेहाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. 2000 साली त्याच्या अकरा महिन्यांच्या मुलाला टाईप वन मधुमेह असल्याचं निघालं. या प्रकारात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीर स्वतःच नष्ट करून टाकतं. मग इन्सुलिन बाहेरून दिल्याशिवाय जगता येत नाही, आणि ते थोडं जास्त झालं की साखर इतकी घसरते की झोपेतसुद्धा जिवावर बेतावं. डमियानो रात्री उठून बाळाची साखर तपासत असे. हा मुलगा कॉलेजसाठी घर सोडेल त्याच्या आधी ही राखण करणारं यंत्र तयार झालं पाहिजे, असं त्यानं मनाशी ठरवलं. तेव्हा तो इलिनॉयमध्ये होता. फिरास एल-खतीब या तरुण अभियंत्याला बरोबर घेऊन त्यानं मधुमेही डुकरांवर प्रयोग सुरू केले. त्या कामातून पुढे उभं राहिलेलं ‘आयलेट’ हे यंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मान्य केलं ते 2023 च्या मे महिन्यात. मुलगा तोवर विशी ओलांडून गेला होता.

या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही त्याच्याविषयी एकाच आवाजात लिहावंसं वाटेना, म्हणून दोघांना बोलायला बसवलं आहे. मावशी सोलापूर भागात मुलांच्या मधुमेहाच्या दवाखान्यात परिचारिका होती. सुई कशी भरायची इथपासून आयांना सगळं शिकवणं हे तिचं काम. भाचा पुण्यात कंट्रोल सिस्टिमवर संशोधन करतो. पात्रं माझी आहेत, वाद मात्र खरा आहे.

भाचा : मावशी, या यंत्रातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट सांगू? लावताना ते एकच आकडा विचारतं. वजन किती? बस्स. बाकीच्या इन्सुलिन पंपांना आधी सगळं भरून द्यावं लागतं : कुठल्या तासाला किती इन्सुलिन, जेवणातल्या किती कर्बोदकांना, म्हणजे कार्बला, एक युनिट, साखर उतरवायला किती. हे यंत्र ते स्वतः शिकत जातं. दर पाच मिनिटांनी सेन्सरकडून साखरेचा आकडा घेतं आणि किती सोडायचं ते ठरवतं. दिवसाला 288 निर्णय.

मावशी : आणि माणसानं काय करायचं?

भाचा : जेवायला बसलो एवढं सांगायचं. नाश्ता, दुपारचं की रात्रीचं. आणि नेहमीइतकं, कमी की जास्त. ग्रॅम मोजत बसायचं नाही.

मावशी : तिथंच माझं अडतं. मी आयांना काय शिकवत आले, ऐक. साखर आली 220. आपल्याला हवी 120. डॉक्टरांनी या पोराला सांगितलंय की एक युनिट 50 नं उतरवतं, म्हणजे त्याचे दोन. ताटात दोन पोळ्या, वाटीभर भात. धर 60 ग्रॅम कार्ब. पंधरा ग्रॅमला एक युनिट, म्हणजे चार. झाले सहा. आता सुई भरायच्या आधी थांबायचं. दोन तासांपूर्वी काही घेतलं होतं का? घेतलं असेल तर त्यातलं अजून अंगात आहे, ते वजा कर. संध्याकाळी खो-खोची प्रॅक्टिस आहे? मग आणखी कमी कर. चौथी शिकलेल्या बाईला हा हिशोब येतो, अरे. येतो म्हणून ती पोराला वाचवते. तुझ्या यंत्रानं तिला तो विसरायला लावला, तर यंत्र बंद पडेल त्या दिवशी तिच्या हातात काय राहिलं?

भाचा : येतो, मान्य. पण दिवसातून चार वेळा, बारा महिने? सणावाराला, तापात, वार्षिक परीक्षेच्या सकाळी? आणि रात्री तीनला? डमियानो स्वतः अभियंता, बायको बालरोगतज्ज्ञ. गणितात कमी पडणारं घर नव्हतं ते. तरी त्याला हे माणसाच्या हातून काढून घ्यावंसं वाटलं. हिशोब येत नाही म्हणून नव्हे. तो कधी संपतच नाही म्हणून.

मावशी : ते मी रोज बघितलंय. दोन-दोन वर्षं सलग न झोपलेल्या आया बघितल्यात. त्याबद्दल मला सांगू नकोस.

भाचा : मग?

मावशी : मग असं, की काढून घेतलेलं ओझं कुठंतरी ठेवलं जातं. ते कुणाच्या हातात जातं हे मला बघायचंय. बरं, गुण किती येतो त्याचा?

भाचा : 2022 मध्ये त्यांची मोठी चाचणी छापून आली. 326 जण, सहा वर्षांच्या पोरापासून 79 च्या आजोबांपर्यंत. तेरा आठवड्यांत यंत्रवाल्यांचं एचबीए-वन-सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांची साखर सांगणारा आकडा, 7.9 वरून 7.3 वर आलं. ज्यांनी आपापले नेहमीचे उपचार चालू ठेवले ते 7.7 ला होते, तिथंच राहिले.

मावशी : 7.3? माझ्या नीट शिकलेल्या आया पोरांना सातच्या खाली ठेवतात.

भाचा : किती आया?

मावशी : (थोडं थांबून) थोड्या.

भाचा : बाकीच्यांची पोरं आठ-नऊ-दहावर असतात ना? हे यंत्र त्यांच्यासाठी आहे. वर्गातल्या पहिल्या पाचांसाठी नाही बनवलेलं ते.

मावशी : हं. आणि साखर लो होणं? पोरं घाबरतात ती त्यानं. हातपाय थरथरतात, घामानं अंगरखा भिजतो, बोबडी वळते. ते थांबलं का?

भाचा : गंभीर लो, म्हणजे हायपो, कमी झाले असं त्या चाचणीत दिसलं नाही. दोन्ही गटांत ठोस म्हणावा असा फरक नव्हता.

मावशी : सांगितलंस हे बरं केलंस. आता मला सांग, यंत्र एक म्हणतंय आणि मला आतून वाटतंय की पोराला आणखी एक युनिट लागणार आहे. देता येतं?

भाचा : नाही. डोस आपण ठरवायचा नाही. साखर साधारण कुठं ठेवायची त्याच्या तीन पायऱ्या आहेत, 110, 120, 130. त्यातली निवडता येते. बाकी काही हातात नाही.

मावशी : मग मला नको ते.

इथं मला मधे बोलावंसं वाटतं, कारण मावशीचा हा नकार अमेरिकेतही अनेकांच्या तोंडी आहे. सिअॅटलच्या डेना लुईसला स्वतःला टाईप वन आहे. सेन्सरचा रात्रीचा गजर इतका हळू वाजायचा की तिला जाग यायची नाही. तिथून सुरुवात करून तिनं आणि स्कॉट लीब्रँडनं घरच्या घरी आकडेमोड करणारी प्रणाली जुळवली, आणि 2015 मध्ये तिची सगळी रचना कुणालाही वापरता येईल अशी खुली केली. तिच्या यंत्रात प्रत्येक आकडा माणसाला दिसतो, बदलता येतो. डमियानोनं उलट दिशा धरली : माणसाला हात लावायला जागाच ठेवायची नाही, म्हणजे त्याच्यावर भारही राहणार नाही. दोघंही एकाच रात्रीच्या भीतीतून निघाले आणि दोन टोकांना पोचले. माझा स्वतःचा कल डमियानोकडे आहे. ज्याला वेळ आहे, समज आहे, संगणक आहे, त्याला स्वातंत्र्य उपयोगी पडतं. ज्याला यातलं काहीच नाही, त्याला आधी विश्रांती हवी असते.

मावशी : ही लुईसबाई मला जवळची वाटते. पण तू म्हणतोस ते यंत्र शिकतं कसं? प्रत्येक पोराचं अंग वेगळं. एकाला सुई टोचली की वीस मिनिटांत साखर हलते, दुसऱ्याला तासभर काही नाही. मांडीवर वेगळं, पोटावर वेगळं.

भाचा : अगदी हेच त्यांच्या अंगाशी आलं होतं. ऐक. माणसांवरची त्यांची पहिली चाचणी 2010 मध्ये छापली गेली. अकरा जण. त्या वेळी यंत्रात दोन औषधं होती : साखर उतरवायला इन्सुलिन आणि चढवायला ग्लुकागॉन. सहा जणांचं छान चाललं. पाच जणांची साखर इतकी उतरली की खायला द्यावं लागलं. शोधल्यावर कळलं, त्या पाच जणांच्या अंगात इन्सुलिन फार सावकाश भिनत होतं. गणितात धरलं होतं की टोचल्यापासून 33 मिनिटांत ते रक्तात सर्वांत जास्त असेल. यंत्राला वाटे, दिलेलं संपत आलं, साखर तर उतरत नाही. आणि ते आणखी देई. आधीचं मात्र मागून येतच होतं.

मावशी : दुसऱ्या डोसावर तिसरा डोस. नव्या आया हीच चूक करतात. साखर उतरली नाही की घाबरून परत टोचतात.

भाचा : तेच. यंत्रानं घाबरलेल्या आईसारखंच केलं. मग त्यांनी तो 33 चा आकडा 65 केला आणि त्याच लोकांना परत बोलावलं. त्या खेपेला जमलं.

मावशी : म्हणजे थांबायला शिकवलं त्याला.

भाचा : आमच्या सगळ्या शास्त्राची अडचण हीच आहे, मावशी. उशीर. खऱ्या स्वादुपिंडातलं इन्सुलिन थेट यकृताकडे जातं, जागच्या जागी काम करतं. आपण ते कातडीखाली सोडतो. तिथून रक्तात यायला वेळ. सेन्सर साखर मोजतो तीही रक्तातली नव्हे, कातडीखालच्या पाण्यातली. ती पाच-दहा मिनिटं मागं असते. म्हणजे जुनी बातमी वाचून उशिरा पोचणारं औषध सोडायचं. आणि सोडलेलं परत घेता येत नाही. म्हणूनच डमियानोला ग्लुकागॉन हवं होतं, जास्त झालंच तर मागं खेचायला.

मावशी : आता आहे का ते त्यात?

भाचा : नाही. बाजारात आलेलं आयलेट नुसतं इन्सुलिनचं. ग्लुकागॉन पाण्यात कालवून ठेवलं की लवकर खराब होतं, गुठळ्या धरतं. पंपात भरून दिवसेंदिवस टिकेल असं द्रव रूप तयार करायलाच वर्षं गेली. अर्धं स्वप्न अजून बाकी आहे.

मावशी : त्या माणसानं मुलासाठी सुरू केलं आणि मुलगा मोठा झाला तरी अर्धंच. तरी सोडलं नाही. मला यंत्रापेक्षा हेच मोठं वाटतं.

भाचा : मलाही. पण मला त्याचं ‘नेहमीइतकं, कमी, जास्त’ हे सोडवत नाही, मावशी. तूच सांग, भाकरीचे ग्रॅम किती?

मावशी : कुणाची भाकरी? आपल्याकडची कडक भाकरी वेगळी, पाटावर थापलेली जाड वेगळी. सासू थापते ती मोठी, सून थापते ती लहान. तक्त्यात लिहिलेलं असतं ‘एक भाकरी’. मी आयांना म्हणायची, आपल्या भाकरीवर तळहात ठेवून बघ. तेवढ्यावरून सवयीनं ठरव.

भाचा : म्हणजे तू ग्रॅम शिकवतच नव्हतीस. तू ‘नेहमीइतकं’च शिकवत होतीस! बॉस्टनमध्ये बसून त्यानं आपल्या स्वयंपाकघराची रीत ओळखली. जेवण मोजून करणारी बाई आपल्याकडे नाही. नेहमीपेक्षा कमी की जास्त हे मात्र प्रत्येकीला दिसतं.

मावशी : अरे, पण एकादशीला? ताट तेवढंच, पण त्यात साबुदाण्याची खिचडी. दिसायला नेहमीइतकं आणि साखर धावते वर. हुरड्याच्या दिवसांत पोरं रानातच खातात, वर गूळ. होळीला पुरणपोळी. नेहमी काय नि कमी काय, सांगणार कसं?

भाचा : चुकेल. चुकलं तरी चालतं, ही त्यातली खुबी आहे. खिचडीनं साखर चढायला लागली की पाच मिनिटांत सेन्सर सांगतो, यंत्र थोडं वाढवतं. परत पाच मिनिटांनी बघतं. पहिला अंदाज ढोबळ असला तरी मागून सतत दुरुस्ती चालू असते.

मावशी : थांब. मग एक विचारते. पंप आपल्या लोकांना परवडत नाही हे तुलाही ठाऊक आहे. पण ही तीन शब्दांची पद्धत तर फुकट आहे. डॉक्टरांकडून तीन डोस लिहून घ्यायचे, नेहमीइतकं जेवण, कमी, जास्त, आणि आईच्या हाती सुई. हिशोब बंद. का नाही करायचं?

भाचा : (बराच वेळ गप्प) नाही, मावशी. तसं करू नये.

मावशी : का? आत्ता तर तूच गुण गात होतास.

भाचा : कारण यंत्रात ढोबळ अंदाज खपतो तो मागच्या दुरुस्तीमुळे. घरी दुरुस्ती करणारं कोण? सेन्सर नाही, साखर तपासायच्या स्ट्रिप पुरत नाहीत. सुई टोचली की पुढचे चार तास अंधार. तिथं पहिला अंदाजच जमेल तितका बरोबर हवा. तिथं तुझा हिशोब लागतोच. जितकं कमी दिसतं, तितकं जास्त मोजावं लागतं.

मावशी : बघ. आता तू माझी बाजू बोललास.

भाचा : बोललो खरा. पण त्यातून मला दुसरंही दिसतंय. हिशोबाचं ओझं उतरवणारा पंप नाहीच मुळात, सेन्सर आहे. पंप नंतर. टेक्सासमधल्या अॅडम हेलर नावाच्या रसायन अभियंत्यानं एन्झाइमला विजेच्या तारेशी जोडून देण्याची युक्ती काढली; तिच्यावरच दंडावर चिकटवायचा तो चौदा दिवसांचा सेन्सर उभा आहे. बोटं टोचून जुळवणी करावी लागत नाही. आपल्याकडे तोही मिळतो.

मावशी : मिळतो. चार-पाच हजाराला एक. चौदा दिवसांत संपतो. स्ट्रिप दहा-वीस रुपयांची, दिवसाला चार. तीही घेताना बाप दोनदा विचार करतो. मी सांगते काय मागतात आमचे लोक. ऊसतोडीला जाणारं एक कुटुंब यायचं. सहा महिने कारखान्याच्या कडेला कोपीत. मुलीला टाईप वन. फ्रिज कुठला? मी आईला शिकवलं : मोठ्या मडक्यात ओली वाळू भर, त्यात लहान मडकं बसव, वर ओलं फडकं झाक. इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आतल्या मडक्यात ठेव. वाळू सुकू द्यायची नाही. तिनं अख्खा हंगाम निभावला त्यावर.

भाचा : कारण हवा कोरडी होती. पाणी झिरपून वाफ होताना उष्णता घेऊन जातं. हेच तू कोकणात केलं असतंस तर एवढं गार झालं नसतं.

मावशी : ते मला माहीत नव्हतं. पण बघ, त्या मडक्यानं तिच्याकडून काय मागितलं? रोज तांब्याभर पाणी. तेवढं तिच्याजवळ होतं. याच्या उलट सुई बघ. आपल्याकडे बाटल्या दोन ताकदीच्या, 40 आणि 100. सुयाही दोन. लाल टोपणाची 40 ची, नारिंगी टोपणाची 100 ची. लाल आणि नारिंगी! कंदिलाच्या उजेडात ओळखून दाखव. 100 च्या बाटलीतलं 40 च्या सुईत भरलं की अडीचपट डोस जातो अंगात. मी किती वेळा दुकानातून बदलून आणायला लावल्यात सुया, त्याचा हिशोब नाही. या सुईनं बाईकडून काय मागितलं? डोळे, उजेड, वाचता येणं, आणि दुकानदारानं चूक न करणं. दीडदमडीची वस्तू, पण मागणं केवढं!

भाचा : हे मी कधी बघितलंच नव्हतं असं. आम्ही यंत्राचं मोजमाप करतो ते साखर किती वेळ हद्दीत राहिली यावर. माणसाकडून किती घेतलं, याचा रकानाच नसतो.

मावशी : डमियानोकडे असणार. नाही तर त्यानं नुसतं वजन विचारून थांबायचं कशाला?

भाचा : म्हणजे तुला आवडला तो.

मावशी : माणूस आवडला. यंत्र त्याच्या देशात चालेल. तिथं सेन्सर मिळतो, पंप बंद पडला तर दुसरा येतो. आपल्याकडे बंद पडल्यावर काय करायचं हे शिकवल्याशिवाय मी ते कुणाच्या पोटाला लावू देणार नाही. पंपावर असलेल्या पोराच्या शरीरात इन्सुलिनचा साठा नसतो रे. नळी दुमडली, सुई निघाली, तर काही तासांत रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढतात, उलट्या सुरू होतात. त्या वेळी सुई भरता आलीच पाहिजे. हिशोब आलाच पाहिजे.

भाचा : शिकवावं, हे मान्य. रोज करायला लावावं, हे नाही. पोहायला शिकलेल्या माणसानंही रोज नदी पोहूनच कामाला जावं, असं कसं म्हणता येईल?

मावशी : आणि सराव नसला तर पुराच्या दिवशी हात चालतील?

भाचा : त्यासाठी सराव ठेवू. आठवड्यातून एक जेवण हातानं.

मावशी : एक नाही. एक अख्खा दिवस.

भाचा : त्यावर आपलं जुळायचं नाही आज. पण मला एक काम सांग. तुझ्या त्या नोंदवह्या आहेत ना, आया लिहायच्या त्या? तारीख, साखर, काय खाल्लं, किती युनिट?

मावशी : पेटीभर आहेत. हळदीच्या बोटांचे ठसे आहेत त्यांच्यावर. का?

भाचा : भाकरी, साबुदाणा, हुरडा, यांनी आपल्या पोरांची साखर किती वेळात किती चढते, हे त्यांत आहे. माझ्या गणितात जे पोर आहे ते पाव खातं. मला सोलापूरचं पोर घालायचंय त्यात. पुढे इथं कुणी स्वस्त सेन्सर केला, पंप केला, तर त्याला हे लागेल.

मावशी : वह्या माझ्या नाहीत, त्या आयांच्या आहेत. फोन करून एकेकीला विचारते. काय करणार आहेस ते त्यांना समजेल असं मला आधी लिहून दे, अर्ध्या पानात.

भाचा : आजच देतो.

मावशी : आणि त्यात हेही लिही, की यातून त्यांच्या पोराला लगेच काही मिळणार नाही. ज्या हो म्हणतील त्यांच्याच वह्या देईन.